‘पेक्षा’ म्हणजे नेहमी ‘दॅन’ नाही: इंग्रजीत तुलना आणि फरक लिहायला शिकणाऱ्यांसाठी

मी पहिल्यांदा इंग्रजीत मोठा रिपोर्ट लिहिला, तो तपासून परत आला आणि मी नुसत्या खुणा बघत बसले. टेन्स बरोबर होते, स्पेलिंग बरोबर होतं, आर्टिकल्सच्या चुका होत्या त्या अपेक्षितच होत्या, पण निम्म्याच्या वर खुणा एकाच जातीच्या वाक्यांवर होत्या, म्हणजे जिथे जिथे मी दोन गोष्टींची तुलना केली होती किंवा फरक सांगितला होता तिथे. ‘सुपिरियर दॅन’, ‘सेम लाइक’, ‘मोअर बेटर’, ‘बिटवीन मॉर्निंग टू इव्हिनिंग’, ‘कम्पेअरिंग टू लास्ट इयर’. तपासणाऱ्यांनी फक्त गोल केले होते, का चुकलं ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे ते मला एकेक करून शोधावं लागलं आणि त्यात बराच काळ गेला. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

मूळ गोष्ट मला फार उशिरा कळली. मराठीत आपलं काम चार शब्दांवर भागतं: पेक्षा, सारखं, वेगळं आणि उलट. इंग्रजीत या प्रत्येकाच्या जागी तीन-चार वेगवेगळी रूपं आहेत आणि प्रत्येकाच्या मागे येणारा छोटा शब्द ठरलेला आहे. आपण मराठीत विचार करतो, ‘पेक्षा’ दिसला की ‘दॅन’ टाकतो, ‘सारखं’ दिसलं की ‘लाइक’ टाकतो, आणि तिथेच वाक्य घसरतं. शिवाय मराठीत तुलना करताना विशेषण बदलतच नाही: हा उंच, हा त्याच्यापेक्षा उंच, हा सगळ्यात उंच. तिन्ही ठिकाणी ‘उंच’ तसाच. इंग्रजीत तो टॉल, टॉलर, टॉलेस्ट होतो. आणि मराठीत ज्याच्याशी तुलना करायची ते आधी येतं, ‘त्याच्यापेक्षा उंच’, इंग्रजीत ते शेवटी येतं, म्हणून लांब वाक्यात शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात कशाने केली होती तेच विसरायला होतं.

हाताशी काय काय ठेवायचं

- शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन तिन्हींच्या ऑनलाइन फुकट आहेत, कुठलीही एक पुरते. अर्थ वाचून थांबू नका, खालची उदाहरणं बघा, कारण शब्दामागे ‘टू’ येतो की ‘फ्रॉम’ ते तिथे कळतं. साध्या इंग्रजी-मराठी डिक्शनरीत हे सहसा सापडत नाही.
- अमेरिकन पद्धतीने लिहायचं असेल तर मेरियम-वेब्स्टर.
- गूगलचा एनग्रॅम व्ह्यूअर. दोन फ्रेज मधे स्वल्पविराम देऊन टाकल्या की छापील पुस्तकांत कुठली किती वापरली गेली त्याचा आलेख मिळतो, आणि ब्रिटिश-अमेरिकन वेगवेगळं पण बघता येतं.
- एक वही. तिच्यात शब्द एकटा लिहायचा नाही, त्याच्या शेपटासकट लिहायचा: ‘डिफरंट फ्रॉम’, ‘सिमिलर टू’, ‘द सेम ॲज’. मला सगळ्यात जास्त उपयोग या वहीचा झाला.
- ज्यांच्यासाठी लिहिताय त्यांची स्टाइल गाइड, म्हणजे त्यांच्या लिखाणाच्या नियमांची यादी, असेल तर. ब्रिटिश की अमेरिकन हे लिहायच्या आधी ठरवून टाका, मधेच बदलू नका.

१. आधी ठरवा, नक्की कशाची कशाशी तुलना चाललीये

ही पायरी सगळे सोडतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. हे वाक्य बघा: ‘द बॅटरी ऑफ धिस फोन इज बेटर दॅन दॅट फोन.’ आपल्याला काही खटकत नाही, कारण मराठीत आपण बिनधास्त म्हणतो ‘या फोनची बॅटरी त्या फोनपेक्षा चांगली आहे’ आणि समोरच्याला कळतंही. पण इंग्रजी वाक्यात एका बाजूला बॅटरी आहे आणि दुसऱ्या बाजूला अख्खा फोन. बोलताना चालून जातं, लिहिताना तपासणारा हमखास पकडतो.

दुरुस्त करायचे तीन रस्ते आहेत. पहिला, ‘दॅन दॅट ऑफ द अदर फोन’. अनेकवचन असेल तर ‘दोज ऑफ’: ‘द रिझल्ट्स ऑफ धिस टेस्ट आर बेटर दॅन दोज ऑफ द लास्ट वन’. दुसरा, मालकीचा ‘एस’ लावून: ‘दॅन द अदर फोन्स’, म्हणजे त्या फोनची. इथे ॲपॉस्ट्रॉफी विसरलात तर वाक्याचा अर्थ ‘दुसऱ्या सगळ्या फोनपेक्षा’ असा होऊन बसतो. तिसरा, आणि मला हाच आवडतो, वाक्यच फिरवायचं: ‘धिस फोन हॅज अ बेटर बॅटरी दॅन दॅट वन’. आता दोन्ही बाजूंना फोन आला आणि वाक्य छोटंही झालं.

‘अनलाइक’ने वाक्य सुरू केलं की हाच सापळा अजून घट्ट होतो. ‘अनलाइक द ओल्ड मेथड, वी यूज्ड नो वॉटर.’ याचा सरळ अर्थ काय होतो? जुन्या पद्धतीपेक्षा ‘आम्ही’ वेगळे आहोत. स्वल्पविरामानंतर लगेच जो येतो त्याच्याशीच ‘अनलाइक’ जोडला जातो, म्हणून तिथे नवी पद्धतच यायला हवी: ‘अनलाइक द ओल्ड मेथड, द न्यू वन यूजेस नो वॉटर’. ‘कम्पेअर्ड टू’ने सुरुवात केली तरी हेच बघायचं.

अजून एक बारीक गोष्ट. ‘शी इज टॉलर दॅन एनी गर्ल इन द क्लास’ लिहिलं तर ती मुलगी पण त्याच वर्गातली असल्यामुळे ती स्वतःपेक्षाही उंच ठरते. ‘एनी अदर गर्ल’ पाहिजे. पण दुसऱ्या वर्गातल्या मुलींशी तुलना असेल तर ‘अदर’ नको.

२. रूप बरोबर करा

हे शाळेत झालेलं असतं म्हणून पटकन सांगते. छोट्या शब्दाला ‘-अर’ लागतो, लांब शब्दाच्या आधी ‘मोअर’ येतो, दोन्ही एकदम कधीच नाही. ‘मोअर बेटर’, ‘मोअर ईझियर’, ‘मोस्ट टॉलेस्ट’ हे सगळे बाद. ‘हॅपी’, ‘ईझी’सारखे ‘वाय’ने संपणारे दोन तुकड्यांचे शब्द ‘-इयर’ घेतात. ‘सिंपल’, ‘नॅरो’, ‘क्लेव्हर’ वगैरे दोन्हीकडून चालतात, त्यात डोकं घालवू नका.

जोर द्यायचा असेल तर ‘व्हेरी बेटर’ नाही, ‘मच बेटर’ किंवा ‘फार बेटर’. थोडंसंच असेल तर ‘स्लाइटली बेटर’. मराठीत ‘खूप चांगलं’ आणि ‘खूप जास्त चांगलं’ दोन्हीला ‘खूप’ चालतो म्हणून हा ‘व्हेरी’ नकळत येतो.

‘वन ऑफ द बेस्ट’च्या पुढे अनेकवचन. ‘वन ऑफ द बेस्ट स्टुडंट’ हे मी इतक्या अर्जांमध्ये आणि ईमेलमध्ये वाचलंय की आता डोळा आपोआप तिथे थांबतो. ‘अनेक उत्तम विद्यार्थ्यांपैकी एक’ असा अर्थ आहे ना, मग ‘स्टुडंट्स’च येणार. मात्र पुढचं क्रियापद त्या ‘वन’नुसार एकवचनी: ‘वन ऑफ द बेस्ट मशीन्स इज हिअर’.

‘एल्डर दॅन’ लिहू नका, वय सांगताना ‘ओल्डर दॅन’. ‘एल्डर’ फक्त घरातल्या नात्यासाठी, नामाच्या आधी: ‘माय एल्डर सिस्टर’.

आणि ‘दॅन’चं स्पेलिंग. तुलनेचा तो ‘ए’वाला, ‘नंतर’ किंवा ‘मग’ या अर्थाचा तो ‘ई’वाला. हे दोन शब्द खूप पूर्वी एकच होते, स्पेलिंग नंतर वेगळं झालं, त्यामुळे इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही इथे गोंधळतात. स्पेलचेक हे बऱ्याचदा पकडत नाही कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

३. ‘पेक्षा’ आलं तरी ‘दॅन’ कधी नाही

सुपिरियर, इन्फिरियर, सीनियर, ज्युनियर, प्रायर. या पाचांच्या मागे ‘टू’. ‘शी इज सीनियर टू मी’, ‘धिस मटेरियल इज सुपिरियर टू दॅट’. कारण हे शब्द लॅटिनमधून जसेच्या तसे आले आणि लॅटिनमध्ये शेवटचा ‘-इयर’ हाच ‘अधिक’ सांगणारा प्रत्यय होता, म्हणजे ‘सीनियर’ या शब्दातच ‘अधिक वयाचा’ बसलेलं आहे. म्हणूनच ‘मोअर सुपिरियर’ पण चुकीचं. कारण माहीत असलं की पाठांतर करावं लागत नाही, मला तरी हे कळल्यावर पुन्हा चूक झाली नाही.

‘प्रिफर’चंही तेच. ‘आय प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग’, इथे ‘दॅन’ नाही. पण ‘प्रिफर’च्या पुढे ‘टू वॉक’ असं रूप आलं तर ‘टू’ला ‘टू’ लागून विचित्र होतं, तिथे ‘रादर दॅन’ घ्या: ‘आय प्रिफर टू वॉक रादर दॅन ड्राइव्ह’. आणि ‘वुड रादर’ असेल तर नुसता ‘दॅन’: ‘आय वुड रादर वॉक दॅन ड्राइव्ह’. तिन्ही वाक्यांचा अर्थ जवळजवळ सारखा आहे, म्हणून वहीत तिन्ही एकाखाली एक लिहून ठेवा म्हणजे शेपूट कुठे बदलतं ते दिसेल.

‘दॅन मी’ की ‘दॅन आय’ यावर लोक फार वाद घालतात. बोलण्यात, ईमेलमध्ये ‘टॉलर दॅन मी’ अगदी ठीक. औपचारिक लिहिताना ‘टॉलर दॅन आय ॲम’ असं पूर्ण करून टाका, कुणालाच खटकणार नाही. पण एका ठिकाणी मात्र खरंच अडतं: ‘शी ट्रस्ट्स यू मोअर दॅन मी.’ ती माझ्यापेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास ठेवते, की मी ठेवते त्यापेक्षा ती तुझ्यावर जास्त ठेवते? वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. अशा वेळी ‘दॅन आय डू’ किंवा ‘दॅन शी ट्रस्ट्स मी’ असं उघड लिहायचं.

४. ‘वेगळं’ आणि ‘फरक’

‘डिफरंट’च्या मागे काय लावायचं हा प्रश्न मला अजूनही सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर सोपं आहे: ‘डिफरंट फ्रॉम’ सगळीकडे चालतं, ब्रिटिश, अमेरिकन, औपचारिक, अनौपचारिक, कुठेही. ‘डिफरंट टू’ ब्रिटिश बोलण्यात भरपूर ऐकू येतं, अमेरिकेत जवळजवळ नाही. ‘डिफरंट दॅन’ अमेरिकेत सर्रास चालतं, ब्रिटिश संपादक मात्र त्याला हमखास हात लावतात. ही दोन्ही रूपं अशिक्षित वगैरे अजिबात नाहीत, चांगले लेखक ती वापरतात, पण नवीन माणसाने एकच पकडायचं असेल तर ‘फ्रॉम’ पकडा.

‘दॅन’ला एका जागी खरी सोय आहे, पुढे अख्खं वाक्य येतं तेव्हा. ‘द रिझल्ट वॉज डिफरंट दॅन आय एक्स्पेक्टेड.’ इथे ‘फ्रॉम’ हवा असेल तर मधे ‘व्हॉट’ घालावा लागतो: ‘डिफरंट फ्रॉम व्हॉट आय एक्स्पेक्टेड’. मी हेच लिहिते, एक शब्द वाढला तरी चालेल.

क्रियापद ‘डिफर’ आलं की मात्र पर्याय संपले, वेगळेपणासाठी फक्त ‘फ्रॉम’: ‘धिस मॉडेल डिफर्स फ्रॉम द अर्लियर वन इन साइझ’. ‘डिफर विथ’चा अर्थच दुसरा, एखाद्याशी मतभेद असणे. ‘आय डिफर विथ यू’ म्हणजे मला तुमचं पटत नाही.

आता ‘डिफरन्स’. याच्या मागे चार वेगवेगळे शब्द येऊ शकतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. कोणाकोणात फरक ते सांगायला ‘बिटवीन’, आणि मग दोन नावांच्या मधे ‘अँड’, ‘टू’ कधीच नाही. आपण मराठीत ‘सकाळ ते संध्याकाळ’ म्हणतो म्हणून ‘बिटवीन मॉर्निंग टू इव्हिनिंग’ येतं. ‘फ्रॉम’ असेल तर ‘टू’, ‘बिटवीन’ असेल तर ‘अँड’, या जोड्या तोडायच्या नाहीत. कशात फरक ते सांगायला ‘इन’: ‘अ डिफरन्स इन टेम्परेचर’. किती फरक ते सांगायला ‘ऑफ’: ‘अ डिफरन्स ऑफ फाइव्ह डिग्रीज’. आणि परिणाम कशावर झाला ते सांगायला ‘मेक अ डिफरन्स टू’. एकाच वाक्यात पहिले तिन्ही बसवून बघा: ‘देअर वॉज अ डिफरन्स ऑफ फाइव्ह डिग्रीज इन टेम्परेचर बिटवीन द टू रूम्स’. हे वाक्य मी पाठच करून टाकलं होतं, अडलं की मनात म्हणून बघायचे.

‘डिस्टिंग्विश’ दोन पद्धतींनी येतो: ‘बिटवीन ए अँड बी’ किंवा ‘ए फ्रॉम बी’. यातली कुठलीही घ्या, भेसळ करू नका.

एक सावधगिरी. ‘क्वाइट डिफरंट’ म्हणजे ‘थोडं वेगळं’ नाही, ‘अगदी वेगळं’. ब्रिटिश इंग्रजीत ‘क्वाइट गुड’ म्हणजे बऱ्यापैकी चांगलं, पण ‘क्वाइट डिफरंट’ म्हणजे पूर्ण वेगळं. थोडासाच फरक असेल तर ‘स्लाइटली डिफरंट’ लिहा आणि सुटका करून घ्या.

५. ‘सारखं’

‘सेम’च्या आधी ‘द’ आणि मागे ‘ॲज’: ‘द सेम ॲज’. ‘सेम लाइक’ आणि ‘सेम विथ’ ही आपली घडवलेली रूपं आहेत. ‘सिमिलर’च्या मागे ‘टू’, ‘ईक्वल’च्या मागे ‘टू’, ‘आयडेंटिकल’च्या मागे ‘टू’ किंवा ‘विथ’, दोन्ही चालतं. ‘अलाइक’ नामाच्या आधी येत नाही, ‘टू अलाइक मशीन्स’ नाही, ‘द टू मशीन्स आर अलाइक’.

‘ॲज’ आणि ‘लाइक’ यात मात्र अर्थाचा खरा फरक आहे, नुसता व्याकरणाचा नाही. ‘शी स्पोक ॲज अ डॉक्टर’ म्हणजे ती डॉक्टर आहे आणि त्या नात्याने बोलली. ‘शी स्पोक लाइक अ डॉक्टर’ म्हणजे ती डॉक्टर असल्यासारखी बोलली, बहुतेक ती डॉक्टर नाही. मराठीत ‘डॉक्टर म्हणून’ आणि ‘डॉक्टरसारखी’ असा अगदी हाच फरक आपल्याकडे आहे, फक्त इंग्रजी लिहिताना तो आठवत नाही. नोकरीच्या अर्जात ‘आय वर्क्ड लाइक अ सुपरवायझर’ असं लिहिलं तर वाचणारा समजेल की पद काही तुमच्याकडे नव्हतं. ‘म्हणून’ असेल तिथे ‘ॲज’, ‘सारखं’ असेल तिथे ‘लाइक’.

‘इतका-तितका’साठी ‘ॲज’ दोन वेळा येतो आणि दुसरा गाळला जातो, विशेषतः या वाक्यात: ‘इट इज ॲज गुड ऑर बेटर दॅन द ओरिजिनल.’ ‘गुड’नंतरचा ‘ॲज’ हरवला. ‘ॲज गुड ॲज, ऑर बेटर दॅन, द ओरिजिनल’ हे पूर्ण रूप. कानाला जड वाटलं तर ‘ॲट लीस्ट ॲज गुड ॲज द ओरिजिनल’ लिहा, काम तेच होतं.

६. ‘कम्पेअर’ स्वतः

‘कम्पेअर टू’ की ‘कम्पेअर विथ’? जुना नियम असा: एखादी गोष्ट दुसरीसारखी आहे असं म्हणायचं तर ‘टू’, जसं आयुष्याला प्रवासाची उपमा द्यायची. आणि दोन गोष्टी शेजारी ठेवून साम्य-फरक तपासायचे तर ‘विथ’, जसं दोन वर्षांचे आकडे. ‘वी कम्पेअर्ड धिस इयर्स रिझल्ट्स विथ लास्ट इयर्स.’ हा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे, पण ‘कम्पेअर्ड’ने सुरू होणाऱ्या तुकड्यात, ‘कम्पेअर्ड टू लास्ट इयर’ की ‘कम्पेअर्ड विथ लास्ट इयर’, दोन्ही राजरोस चालतात, तिथे कुणी अडवलं तर त्यांच्या पद्धतीने करून मोकळे व्हा.

‘कम्पेअरिंग टू लास्ट इयर’ मात्र चूकच. तुलना कोण करतंय? आकडे स्वतः तुलना करत नाहीत, त्यांची तुलना केली जाते, म्हणून ‘कम्पेअर्ड’. मराठीत ‘च्या तुलनेत’ यात करणारा कोणीच दिसत नाही म्हणून हे सुटतं.

आणि आपल्या रिपोर्टांमध्ये सगळीकडे दिसणारी एक सवय: ‘हायर ॲज कम्पेअर्ड टू’. ‘हायर’मध्येच तुलना आली ना, मग पुढे साधा ‘दॅन’ पुरे: ‘हायर दॅन लास्ट इयर’. ‘कम्पेअर्ड टू’ ठेवायचाच असेल तर विशेषण साधं ठेवा: ‘हाय कम्पेअर्ड टू लास्ट इयर’. ‘कम्पॅरेटिव्हली बेटर’मध्येही हीच दुप्पट तुलना आहे, ‘कम्पॅरेटिव्हली गुड’ किंवा नुसतं ‘बेटर’ लिहा.

७. ‘उलट’

हा शब्द मला सगळ्यात जास्त महागात पडला कारण इथे व्याकरण बरोबर असतं आणि अर्थच बदलतो. मराठीत ‘उलट’ दोन कामं करतो. एक, आधीचं म्हणणं खोडायचं: ‘मला राग आला नाही, उलट बरं वाटलं.’ दुसरं, दोन गोष्टी समोरासमोर ठेवायच्या: ‘मोठी बहीण शांत आहे, धाकटी उलट सतत बोलते.’

इंग्रजीत पहिल्या कामासाठी ‘ऑन द कॉन्ट्ररी’: ‘आय वॉज नॉट अँग्री. ऑन द कॉन्ट्ररी, आय वॉज प्लीज्ड.’ त्याच्या आधी काहीतरी नाकारलेलं असावं लागतं किंवा दुसऱ्या कोणाचं म्हणणं असावं लागतं. दुसऱ्या कामासाठी ‘बाय कॉन्ट्रास्ट’, ‘इन कॉन्ट्रास्ट’ किंवा मधे ‘व्हेअरॅज’: ‘द एल्डर सिस्टर इज क्वाइट, व्हेअरॅज द यंगर वन टॉक्स ऑल द टाइम.’ इथे ‘ऑन द कॉन्ट्ररी’ टाकलं तर वाचणाऱ्याला वाटतं की तुम्ही पहिलं वाक्यच खोटं ठरवताय, म्हणजे मोठी बहीण शांत नाहीच. तपासायची सोपी युक्ती: त्या जागी ‘छे, तसं नाही’ घालून बघा. बसलं तर ‘ऑन द कॉन्ट्ररी’, नाही बसलं तर ‘बाय कॉन्ट्रास्ट’.

‘ऑन द अदर हँड’ अजून तिसरं. एकाच प्रश्नाच्या दोन बाजू, फायदा आणि तोटा, यासाठी ते ठीक आहे. आणि ‘व्हेअरॅज’ने सुरू होणारा तुकडा एकटा पूर्ण वाक्य होत नाही, त्याच्यामागे पूर्णविराम देऊन तो सुटा सोडू नका.

८. आकडे आले की

‘थ्री टाइम्स मोअर दॅन’ मी लिहायचं सोडून दिलं. दहाच्या तिप्पट म्हणजे तीस, पण ‘थ्री टाइम्स मोअर’ म्हणजे काही जण तीस समजतात आणि काही जण दहा अधिक तीस, चाळीस. ‘थ्री टाइम्स ॲज मेनी ॲज’ यात शंका उरत नाही, तीसच. दुपटीला ‘ट्वाइस ॲज मेनी ॲज’. आणि ‘थ्री टाइम्स लेस’ तर लिहूच नका, ‘वन थर्ड ॲज मेनी’ म्हणा.

टक्क्यांचा सापळा. प्रमाण १० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेलं तर वाढ किती? ‘टू पर्सेंट’ लिहिलं तर चूक, कारण १० वर २ वाढले म्हणजे २० टक्के वाढ झाली. दोन टक्क्यांमधला नुसता फरक सांगायला ‘पर्सेंटेज पॉइंट’ आहे: ‘अ राइज ऑफ टू पर्सेंटेज पॉइंट्स’. हे दोन्ही खरं आहे, पण एकाच्या जागी दुसरं गेलं की वाचणारा भलताच निष्कर्ष काढतो.

तापमान सेल्सिअसमध्ये असेल तर ‘ट्वाइस ॲज हॉट’ लिहू नका. २० अंश हे १० अंशांच्या दुप्पट गरम नसतं, कारण सेल्सिअसचा शून्य म्हणजे उष्णता संपली असा नसतो, तो पाणी गोठण्याचा बिंदू आहे. ‘टेन डिग्रीज वॉर्मर’ लिहा.

‘फ्यूअर’ आणि ‘लेस’: मोजता येणाऱ्यासाठी ‘फ्यूअर’, न मोजता येणाऱ्यासाठी ‘लेस’. ‘फ्यूअर एरर्स’, ‘लेस नॉइज’. पण अंतर, वेळ, पैसे, वजन हे आकड्यात असले तरी एक अख्खं प्रमाण मानतात, म्हणून ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’ बरोबर. हा भेद अगदी सुरुवातीला मांडणाऱ्यांत इंग्रजीच्या वापरावर पुस्तक लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर याचं नाव येतं, १७७० मध्ये, आणि त्याने तो हुकूम म्हणून नाही तर आपल्याला असं जास्त आवडेल अशा सुरात लिहिला होता. पुढे त्याचा कडक नियम झाला. दुसऱ्याच्या बोलण्यात तो काढून दाखवण्याइतका मोठा नाही असं मला मनापासून वाटतं, पण औपचारिक लिखाणात पाळा, कारण वाचणारा तो बघतो.

९. शेवटची फेरी

लिहून झालं की लगेच तपासू नका, थोडा वेळ जाऊ द्या. मग फाइलमध्ये एकेक शब्द सर्च करा: दॅन, देन, कम्पेअर, डिफर, सेम, लाइक, अनलाइक, कॉन्ट्ररी, बिटवीन, टाइम्स. प्रत्येक ठिकाणी थांबून दोनच गोष्टी बघायच्या: दोन्ही बाजूंना एकाच जातीची वस्तू आहे का, आणि शेपूट बरोबर आहे का.

माझ्या त्या रिपोर्टमधला एक तुकडा इथे देते, जवळपास जसाच्या तसा:

‘द न्यू पंप इज सुपिरियर दॅन द ओल्ड पंप. द नॉइज ऑफ द न्यू पंप इज लेस ॲज कम्पेअर्ड टू द ओल्ड पंप. देअर इज अ डिफरन्स ऑफ प्रेशर बिटवीन मॉर्निंग टू इव्हिनिंग. अनलाइक द ओल्ड पंप, वी फाउंड ओन्ली टू लीक्स इन अ मंथ. ऑन द कॉन्ट्ररी, द ओल्ड पंप लीक्ड एव्हरी वीक.’

आणि आज तो मी असा लिहीन:

‘द न्यू पंप इज सुपिरियर टू द ओल्ड वन. इट मेक्स लेस नॉइज. देअर इज स्टिल अ डिफरन्स इन प्रेशर बिटवीन मॉर्निंग अँड इव्हिनिंग. द न्यू पंप हॅड ओन्ली टू लीक्स इन अ मंथ, व्हेअरॅज द ओल्ड वन लीक्ड एव्हरी वीक.’

दुसऱ्या वाक्यात ‘दॅन द ओल्ड वन’ मुद्दाम नाही घातलं, आधीच्याच वाक्यात जुना पंप येऊन गेलाय, वाचणाऱ्याला माहीत आहे. ‘स्टिल’ नंतर घातला, कारण पहिल्या मसुद्यात दाबाचा फरक हा नव्या पंपाचा गुण आहे की दोष तेच कळत नव्हतं, आणि शेवटच्या दोन वाक्यांचं एक केलं तेव्हा ‘अनलाइक’ आणि ‘ऑन द कॉन्ट्ररी’ दोन्हींची गरजच उरली नाही.